एक कोलन कमी

पायथन भाषेच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये 'पिकल' या मॉड्यूलच्या पानावर वरच्याच बाजूला लाल चौकटीत एक इशारा आहे. हे मॉड्यूल सुरक्षित नाही, भरवशाच्या ठिकाणाहून आलेला डेटाच त्यातून उघडावा, असा त्याचा आशय. इशारा गंभीर आहे, कारण परक्याने पाठवलेली पिकल फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोड आपल्या संगणकावर चालू शकतो. ही चौकट ज्या मजकुरातून तयार होते तो मात्र अगदी साधा. दोन टिंबं, एक स्पेस, 'वॉर्निंग' हा शब्द, त्याला लागून दोन कोलन आणि खाली जरा आत सरकवून लिहिलेला परिच्छेद. आता समजा, त्या दोनपैकी एक कोलन टाइप करायचा राहिला. चौकट वाकडी होत नाही, तिचा रंग उडत नाही, अक्षरं पसरत नाहीत. इशारा पानावरून नाहीसाच होतो. हे डॉक्युमेंटेशन रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या चिन्हपद्धतीत लिहिलं जातं आणि तिच्या नियमानुसार दोन टिंबांनी सुरू झालेली पण एकाच कोलनाची अशी ओळ म्हणजे लेखकाने स्वतःसाठी ठेवलेली टिप्पणी. ती वाचकाला दाखवायची नसते. त्यामुळे पान बिनतक्रार तयार होतं आणि जे दिसतच नाही ते गेलं हेही कुणाला कळत नाही.

अशा प्रकाराला सॉफ्टवेअरच्या जगात 'फॉरमॅटिंगची किरकोळ चूक' म्हणतात आणि ती दुरुस्त करणं हे त्याहून किरकोळ काम समजलं जातं. नव्याने आलेल्या पोराला द्यावं, शुक्रवारी संध्याकाळी उरकावं, असा त्याचा दर्जा. दुसऱ्या टोकाला भाविक आहेत. त्यांच्या लेखी प्रत्येक स्वल्पविराम पवित्र आणि प्रत्येक दुरुस्ती म्हणजे लोकसेवा. मला दोन्ही पक्ष पटत नाहीत, आणि कारण एकच आहे: बदल किती अक्षरांचा, एवढंच दोघे मोजतात. चुकीमुळे वाचकाच्या हाती काय पडलं हे माप वेगळं, आणि ती चूक काढताना किती जणांचा वेळ गेला हे आणखी वेगळं. एका अक्षराची चूक माणसाचा आख्खा दिवस खाऊ शकते. एका अक्षराची दुरुस्ती तिच्यापासून होणाऱ्या फायद्यापेक्षा महागही पडू शकते. ही तीन मापं एकमेकांत मिसळली की वाद सुरू होतात, आणि ते बहुतेक वेळा भलत्याच मुद्द्यावर लढले जातात.

कादंबरीत एखादं अवतरणचिन्ह उलटं पडलं तर वाचक ते मनातल्या मनात सरळ करतो आणि पुढे जातो. प्रोग्रॅमिंगच्या डॉक्युमेंटेशनला ही सवलत नाही, कारण त्यातला मजकूर शेवटी कंपायलरपुढे किंवा इंटरप्रिटरपुढे जायचा असतो आणि त्यांना मन नसतं. पण अडचणीचं मूळ याहून खोल आहे. 1963 साली पहिल्यांदा ठरलेल्या आणि 1967 साली सुधारलेल्या आस्की या अमेरिकन संकेतसंचात दिसणारी-छापणारी 95 चिन्हं आहेत. त्यातून रोमन लिपीची लहानमोठी 52 अक्षरं, 10 अंक आणि मोकळी जागा वजा केली की उरतात 32 चिन्हं. तारा, अंडरस्कोर, कोलन, बॅकटिक, कोनी कंस, हायफन वगैरे. या 32 चिन्हांवर गेली साठ वर्षं सगळ्यांचा संसार चालू आहे. प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांनी त्यांना आपापले अर्थ दिले. मजकूर सजवण्याच्या चिन्हपद्धती घडवणाऱ्यांनीही तीच चिन्हं उचलली, कारण कीबोर्डवर दुसरं काही नव्हतंच. दोन्ही मंडळी आपापल्या घरी सुखी होती. भाषेचं डॉक्युमेंटेशन ही एकच जागा अशी आहे की जिथे दोघे एकाच ओळीत येतात, आणि तारा कुणाचा, हा प्रश्न शब्दाशब्दाला विचारावा लागतो.

उदाहरण घेऊ. पायथनमध्ये ऑब्जेक्ट तयार होताना जे फंक्शन आपोआप चालतं त्याचं नाव 'इनिट', पण नुसतं इनिट नव्हे: आधी दोन अंडरस्कोर, मागे दोन अंडरस्कोर. मार्कडाउन या पद्धतीत दोन-दोन अंडरस्कोरांत धरलेला शब्द म्हणजे ठळक शब्द. त्यामुळे लेखक ते नाव बॅकटिकच्या कुंपणात घालायला विसरला तर पानावर ठळक अक्षरांत 'इनिट' येतं आणि चारही अंडरस्कोर पोटात जातात. दिसायला उलट छान दिसतं. शिकणारा ते पाहून तसंच लिहितो. पायथनची काही हरकत नसते, कारण इनिट नावाचं साधं फंक्शन लिहायला कुणाला बंदी नाही. फक्त ते आपोआप चालत नाही. ऑब्जेक्ट बनवताना काही किमती दिल्या तर एरर येते, पण ती सांगते की हा क्लास कोणतीही किंमत घेत नाही. समोर तर किंमत घेणारं फंक्शन धडधडीत लिहिलेलं दिसतंय! ज्याला अंडरस्कोरांचं महत्त्व आधीच ठाऊक आहे त्याला हे दोन सेकंदांत उमगतं. पण ज्याला ठाऊक आहे तो हे पान कशाला उघडेल?

रस्ट आणि जावा या भाषांत हाच खेळ कोनी कंसांचा. यादी कोणत्या प्रकारच्या वस्तूंची आहे हे या भाषांत कोनी कंसांत सांगतात. तोच मजकूर बॅकटिकशिवाय डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिला की ब्राउझरला तो एचटीएमएलचा टॅग वाटतो आणि तो अनोळखी टॅग निमूटपणे गिळतो. 'अमुक प्रकारची यादी' असं लिहिलेलं वाचकाला नुसतं 'यादी' म्हणून दिसतं. वाक्य व्याकरणाने पूर्ण, अर्थाने लंगडं. रस्टच्या डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या साधनात यासाठी खास इशारा घालावा लागला, यावरून हा प्रकार किती वेळा घडत असेल याचा अंदाज यावा.

या चुका निष्काळजीपणाच्या असतात असं धरून चालणाऱ्यांचा मला राग येतो. बहुतेक चुका सवयीच्या असतात, आणि सवयीही चांगल्या. पायथनचं डॉक्युमेंटेशन पूर्वी लाटेक या चिन्हपद्धतीत होतं. 2007-08च्या सुमारास गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे साधन लिहिलं आणि सगळा पसारा रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आला. या पद्धतीत कोडमधला शब्द दाखवायला दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक लागतात. एकेक दिला तर तो शब्द कोड ठरत नाही, तिरक्या अक्षरांत छापला जातो. दरम्यान जॉन ग्रुबर यांचं 2004 सालचं मार्कडाउन जगभर पसरलं, आणि त्यात कोडसाठी एकच बॅकटिक पुरतो. आजचा प्रोग्रॅमर दिवसभर मार्कडाउनमध्ये लिहितो: निरोप, नोंदी, पुल रिक्वेस्टची वर्णनं. त्याची बोटं एकाच बॅकटिकला सरावलेली. पायथनच्या डॉक्समध्ये एक ओळ सुधारायला तो येतो, आशय अचूक लिहितो, आणि मागे तिरका शब्द ठेवून जातो. हा माणूस गलथान नाही. दोन गावांच्या रीती वेगळ्या आहेत एवढंच.

आता तिरका शब्द ही चूक किती वजनाची? माझ्या मते, एकेकटी पाहिली तर फार हलकी. वाचकाला शब्द दिसतो, अक्षरं शाबूत असतात, कॉपी केला तर चालतो. तुटतो तो एक अलिखित करार: एकाच रुंदीच्या अक्षरांच्या टंकात आलेलं ते सगळं यंत्राचं, बाकीचं माणसाचं. हा करार शेकडो पानं सांभाळला की वाचक त्यावर विसंबून डोळे फिरवायला शिकतो. 'सेट', 'लिस्ट', 'टाइप' असे शब्द इंग्रजीतही साधे शब्द आहेत आणि पायथनमध्ये नावंही आहेत. टंक बदलला नाही तर 'टाइप' म्हणजे सर्वसाधारण प्रकार की त्या नावाची वस्तू, हे वाक्यावरून ठरवत बसावं लागतं. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही त्यांना हे ठरवणं जास्त जड जातं. तरीही त्या अंडरस्कोर गिळणाऱ्या चुकीशेजारी ही चूक मी ठेवणार नाही. तिथे खोटी माहिती दिली जाते, इथे खरी माहिती जरा मळकट कपड्यांत येते.

सगळ्यात घातक गोष्ट डोळ्याला दिसतच नाही: मोकळी जागा. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावर तिचा अर्थ ठरतो. 'रिटर्न' ही ओळ लूपच्या आत असेल तर पहिल्याच फेरीत फंक्शन संपतं. चार स्पेस डावीकडे आली तर सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्यावर संपतं. दोन्ही प्रोग्रॅम वैध, दोन्ही चालतात, उत्तरं वेगळी. डॉक्युमेंटेशनमधल्या नमुन्यात अशा चार स्पेस घसरल्या तर ती 'फॉरमॅटिंगची चूक' म्हणायची की 'चुकीचा प्रोग्रॅम छापला' म्हणायचं? पायथनपुरता तरी मला या दोहोंत फरक करता येत नाही. आणि नमुन्याआधीच्या वाक्याच्या शेवटी दोनऐवजी एकच कोलन पडला तर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट त्या नमुन्याला कोड मानत नाही. ओळी एकमेकींना जोडून त्यांचा परिच्छेद करते. वर स्फिंक्स गद्य समजून त्यातली सरळ अवतरणचिन्हं वळणदार करते आणि जोडहायफनचा डॅश. म्हणजे एक कोलन गेला आणि त्यापाठोपाठ ओळी, जागा, अवतरणं, पर्याय सगळंच गेलं.

वळणदार अवतरणांचा हा ताप आपल्याकडच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांना कुणी समजावून सांगायला नको. प्रॅक्टिकलची मॅन्युअल वर्डमध्ये बनतात, वर्ड सरळ अवतरणचिन्हाला आपोआप वळण देतो, त्याची पीडीएफ होते, मुलं त्यातून कोड उचलतात. पायथन सांगतो की या चिन्हाची मला ओळख नाही. पडद्यावर दोन चिन्हांत केसाएवढा फरक. पीडीएफमधून उचललेल्या ओळींची आतली मोकळी जागाही वाटेत सांडलेली असते. अशा लॅबमध्ये हळूहळू एक समजूत रुजते: छापलेला कोड चालत नसतो, तो जर्नलमध्ये उतरवण्यासाठी असतो, आणि चालणारा कोड मित्राकडून घ्यायचा असतो. एका चुकीच्या चिन्हाने होणारं हे नुकसान कोणत्याही बग-यादीत येत नाही. छापील मजकुरावरचा विश्वास एकदा उडाला की मुलगा पुढे अधिकृत डॉक्युमेंटेशनही त्याच नजरेने बघतो.

चिन्ह दिसायला योग्य पण आतून वेगळं, या प्रकाराचा सगळ्यात मुरलेला नमुना युनिक्सच्या मॅन्युअल पानांत आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही पानं 1971 साली लिहिली. प्रत्येक आज्ञेचे दोष सांगणारा 'बग्ज' हा भाग त्यांत पहिल्यापासून आहे, आणि हा प्रांजळपणा मला फार आवडतो. ही पानं ज्या रॉफ कुळातल्या साधनांनी जुळवली जातात तिथे नुसता हायफन म्हणजे छपाईतला, शब्द जोडणारा हायफन. आज्ञेच्या पर्यायाआधी येणारी आडवी रेघ हवी असेल तर हायफनच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. जुन्या टर्मिनलवर दोन्ही एकसारख्याच उमटत, म्हणून हजारो पानांच्या लेखकांनी तो भेद कधी पाळलाच नाही. युनिकोड आल्यावर दोन्ही चिन्हं खरोखर वेगळी झाली. पान दिसायला जसंच्या तसं, पण त्यातून पर्याय उचलून टर्मिनलवर चिकटवला तर आज्ञा तो पर्याय ओळखत नाही, आणि पानात तो पर्याय शोधायला गेलं तर सापडत नाही. 2023 मध्ये याच कुळातल्या ग्रॉफची 1.23 ही आवृत्ती आली तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. साधन बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की नियम पहिल्यापासून स्पष्ट होता, पानं चुकीची लिहिलेली आहेत, ती सुधारा. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्याकडे दोन्ही चिन्हं एकच धरण्याची जुनी सवलत चालू ठेवली. तत्त्वाने पहिला पक्ष बरोबर आहे. तरी मी डेबियनच्या बाजूचा. लेखक हजारो असतील आणि सगळे एकाच जागी ठेचकाळत असतील, तर दगड उचलायचा असतो, चालणाऱ्यांना व्याख्यान द्यायचं नसतं.

म्हणूनच एकेक चूक हाताने वेचण्यापेक्षा ती पुन्हा होऊ न देणारी व्यवस्था मला मोलाची वाटते, आणि तिला चांगली वंशावळ आहे. कर्निहन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या 1978च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नमूद केलंय की त्यातली उदाहरणं थेट पुस्तकाच्या मजकुरातूनच तपासून घेतली होती. मजकूर आधीच यंत्रात होता आणि लेखकांनी तो स्वतः जुळवला होता, म्हणून हे शक्य झालं. टिम पीटर्स यांचं डॉक्टेस्ट 2001 साली पायथन 2.1 सोबत आलं आणि तीच कल्पना सगळ्यांच्या हाती आली: डॉक्युमेंटेशनमधला नमुना यंत्रानेच चालवून बघायचा आणि छापलेलं उत्तर खरोखर येतं का ते ताडायचं. रस्टने ती रोजची रीत केली. तिथे डॉक्समधले नमुने चाचण्यांबरोबर कंपाइल होतात. गंमत अशी की रस्टच्या डॉक्समध्ये साधी गद्य यादी चुकून चार स्पेस आत लिहिली गेली तर मार्कडाउन तिला कोड समजतं आणि चाचणी कोसळते. निदान बोंब तरी होते. पायथनच्या डॉक्ससाठी स्फिंक्स-लिंट हे साधन आहे. एकेरी बॅकटिक, ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेस, आणि सुरुवातीला सांगितलेला तो एक कोलन कमी पडलेला इशारा, हे सगळं ते माणसाआधी पकडतं.

पण यंत्राची नजर कुठे थांबते तेही पाहावं. इनिटचे अंडरस्कोर गेले की मार्कडाउनच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं; ठळक शब्द हवा असू शकतो. 'रिटर्न' चार स्पेस सरकलं आणि नमुन्याखाली उत्तर छापलेलं नसेल तर चाचणी हिरवीच राहते. दोन हा मोठा आणि दहा हा घातांक म्हणून वर चढवलेला असेल, आणि घातांकाची खूण गळून नुसता 210 उरला, तर कोणतंही साधन कुरकुरत नाही. 1024च्या जागी 210. इथे वाचणारा माणूसच लागतो, आणि तोही विषय समजून वाचणारा.

डोनाल्ड नुथ यांचं नाव इथे यायलाच हवं, कारण छपाईच्या चुकीला त्यांच्याइतकं गांभीर्याने कुणी घेतलं नाही. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं 1977 साली आली, ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची व्यवस्था, टेक, लिहायला घेतली. पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला ते 2.56 डॉलर देतात, म्हणजे 256 सेंट. सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा एक डॉलर. अक्षराची चूक असो की गणिताची, बक्षीस लागू. लोक ते चेक वटवत नसत, भिंतीवर लावत. 2008 पासून खऱ्या चेकऐवजी सान सेरिफ नावाच्या काल्पनिक बेटावरच्या बँकेचं प्रमाणपत्र मिळतं. टेकमधल्या चुकांची नोंद त्यांनी पहिल्या दिवसांपासून ठेवली आणि 1989 साली त्यावर निबंध लिहिला. हे सगळं थोर आहे. पण नुथांचा दाखला देऊन 'प्रत्येक चूक सारखीच' म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. नुथ एकटे लेखक, पुस्तक त्यांचं, पत्रं तेच वाचतात, वेळ त्यांचाच जातो आणि बक्षीसही त्यांच्याच खिशातून. मुक्त प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चूक एकाला दिसते आणि वेळ दुसऱ्यांचा जातो.

तो कसा जातो ते बघा. पायथनच्या डॉक्समध्ये एक बॅकटिक वाढवायचा, तर आधी योगदान-करारावर सही. मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती. तपासणीची यंत्रं फिरतात, पानं नव्याने बांधली जातात. कुणी कोअर डेव्हलपर बदल वाचतो. बदल एका चिन्हाचा असला तरी आजूबाजूचा परिच्छेद वाचल्याशिवाय तो मंजूर करता येत नाही. मग तीच दुरुस्ती अजून सांभाळल्या जाणाऱ्या मागच्या आवृत्त्यांत नेतात. बॉट बरंचसं ओझं उचलतो, पण जिथे दोन आवृत्त्यांचा मजकूर जुळत नाही तिथे पुन्हा माणूस. कोडच्या फाइलमध्ये असे निव्वळ दिसण्यासाठीचे बदल केले तर आणखी एक तोटा: ही ओळ कुणी आणि का लिहिली हे शोधणाऱ्याला मूळ कारणाऐवजी स्पेस सरकवणाऱ्याचं नाव सापडतं. लिनक्स कर्नलची मंडळी जुन्या कोडच्या निव्वळ सफाईला नाखूश असतात आणि ती हौस भागवायला नवख्यांना 'स्टेजिंग' या वेगळ्या आवाराकडे पाठवतात, ते यामुळेच.

वेळेचा हा हिशेब 2020च्या ऑक्टोबरमध्ये जगासमोर आला. डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. तेव्हा ठरावीक पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळे. त्या वर्षी रीडमी फाइलमध्ये 'छान प्रकल्प' असा एखादा शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टींचा पूर आला, आणि त्यात भारतातून आलेल्या बऱ्याच होत्या. तसं कसं करायचं हे दाखवणारा व्हिडिओही इथलाच होता. महिना सुरू होऊन काही दिवस झाले नाहीत तोच प्रकल्पाने स्वतः होकार दिला असेल तरच रिक्वेस्ट धरायची असा नियम करावा लागला. 2024च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पाच्या रीडमीत आपलं नाव लिहिणाऱ्या रिक्वेस्टींची तशीच रांग लागली, आणि तिचंही मूळ इथल्याच एका शिकवणीच्या व्हिडिओत होतं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत प्लेसमेंटच्या अर्जावर 'ओपन सोर्स योगदान' ही ओळ किती गुणांची असते हे ठाऊक असेल तर याचं नवल वाटू नये. मुलांना दोष देणं सोपं आहे. ज्यांनी योगदान मोजण्याचं माप 'मर्ज झालेल्या रिक्वेस्टींची संख्या' असं ठरवलं, त्यांनी हे पेरलं.

याचा परिणाम मात्र खऱ्या दुरुस्त्यांना भोगावा लागतो. शंभर फुटकळ रिक्वेस्टी बंद करून थकलेल्या मेंटेनरपुढे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यापुढे, इनिटचे अंडरस्कोर परत आणणारी रिक्वेस्ट आली की तीही त्याच रांगेत उभी दिसते: दोन चिन्हांचा बदल, अनोळखी नाव, शीर्षक 'फॉरमॅटिंग दुरुस्त केलं'. इथे मी दुरुस्ती पाठवणाऱ्याकडून एक अपेक्षा ठेवतो. शीर्षकात चिन्हाचं नाव नको, नुकसानाचं नाव हवं. 'बॅकटिक घातले' असं लिहिण्यापेक्षा 'अंडरस्कोर दिसत नसल्यामुळे नमुन्यातलं फंक्शन चालत नव्हतं' असं लिहावं. हे लिहिता येत नसेल, म्हणजे वाचकाचं काय बिघडत होतं ते सांगता येत नसेल, तर बहुधा दुरुस्ती थांबू शकते. एकाच फाइलमधल्या अशा हलक्या चुका गोळा करून, त्या पानाचा आशय कुणी बदलायला घेईल तेव्हा सोबत नेता येतात.

नवख्यांना ही कामं द्यावीत का? द्यावीत, पण 'सोपी आहेत' या कारणाने नव्हे. जाणकार माणूस डॉक्युमेंटेशन वाचतच नाही. आपल्या डोक्यातलं ज्ञान तो पानावर पाहतो आणि गळलेले अंडरस्कोर त्याची नजर आपोआप भरून घेते. नवखाच अक्षरशः वाचतो, म्हणून तोच अडखळतो. त्याचं अडखळणं हा पुरावा आहे आणि तो दुसऱ्या कुणाकडून मिळत नाही. मात्र चुकीचं वजन ठरवणं त्याला जमेलच असं नाही. तिरका शब्द त्याला इनिटइतकाच गंभीर वाटेल, किंवा इनिटची चूक आपल्याच अकलेची वाटून तो गप्प बसेल. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. म्हणजे शोधणारा आणि तोलणारा अशी दोन माणसं लागतात, आणि तोलणाऱ्याचा वेळ वाचवायचा तर लिंटरने, म्हणजे स्फिंक्स-लिंटसारख्या साधनाने, पकडण्याजोगं सगळं त्याच्यापर्यंत पोचताच कामा नये. 'नवख्यांसाठी सोपं काम' अशी चिठ्ठी लावून एकेरी बॅकटिकांची यादी ठेवणाऱ्या प्रकल्पाने त्याऐवजी लिंटरचा एक नियम चालू करावा. बॅकटिक एका फटक्यात सुधारतील, आणि नवख्याला खरोखर वाचण्याचं काम देता येईल: हे पान वाच, नमुने स्वतःच्या हाताने उतरवून चालव, कुठे अडलास ते सांग.

एक खर्च अजून सांगायचा राहिला, आणि तो इंग्रजीबाहेरच्या वाचकांच्या माथी पडतो. पायथनच्या डॉक्सच्या भाषांतरांना 2017 साली पेप 545 या प्रस्तावाने अधिकृत चौकट मिळाली. जपानी आणि फ्रेंच भाषांतरं तिच्या मुळाशी होती. ही भाषांतरं गेटटेक्स्ट पद्धतीने चालतात. मूळ इंग्रजी परिच्छेद आणि त्याचं भाषांतर अशी जोडी फाइलमध्ये ठेवलेली असते, आणि ओळख पटते ती मूळ परिच्छेदाच्या अक्षर न् अक्षर जुळण्यावरून. इंग्रजीत कुणी एक बॅकटिक वाढवला की जोडी तुटते. साधन जुनं भाषांतर फेकून देत नाही, पण त्यावर 'संदिग्ध' असा शिक्का मारतं, आणि शिक्का असलेलं भाषांतर पान बांधताना नेहमीच्या रीतीत वापरलं जात नाही. माणसाने बघून शिक्का काढेपर्यंत तो परिच्छेद जपानी पानावर इंग्रजीत दिसतो. कोरियनमध्येही, फ्रेंचमध्येही. इंग्रजी वाचकाचा एक तिरका शब्द सरळ झाला आणि बाकी भाषांच्या वाचकांचा आख्खा परिच्छेद हातचा गेला. उद्या मराठीत एवढा मजकूर आणायला दहा-पंधरा माणसं बसली, तर त्यांच्या संध्याकाळी नवं भाषांतर करण्यात जातील की असे शिक्के पुसण्यात, हे बऱ्याच अंशी इंग्रजीतल्या हलक्या दुरुस्त्यांच्या वेगावर ठरेल.

यावर 'मग हलक्या दुरुस्त्या करूच नका' हे उत्तर मला मान्य नाही. भाषांतराची सोय म्हणून मूळ मजकूर मळका ठेवणं उलटं होईल. त्या एका ठोक बदलात, म्हणजे लिंटरचा नियम लावून सगळे बॅकटिक एकाच दिवशी सुधारण्यात, भाषांतरकारांचाही फायदा आहे: घाव एकदाच बसतो, वर्षभर ठिबकत राहत नाही. त्यापुढचं काम साधनांचं आहे. दोन परिच्छेदांत फरक फक्त सजावटीच्या चिन्हांचा आहे, शब्द तेच आहेत, हे ओळखणं संगणकाला अवघड नाही. तसं असेल तर शिक्का न मारता जुनं भाषांतर चालू ठेवावं आणि तेच चिन्ह भाषांतरात त्याच नावाभोवती घालावं. कोडमधली नावं भाषांतरातही रोमनमध्येच राहतात, त्यामुळे ती सापडतातही. जिथे चिन्ह हाच आशय होता, म्हणजे अंडरस्कोर परत आले किंवा 'रिटर्न' चार स्पेस सरकलं, तिथे मात्र शिक्का मारावा आणि माणसाला बोलवावं. हा फरक करायला साधनाला आधी कुणीतरी सांगावं लागेल की कोणतं चिन्ह कोणत्या ठिकाणी कपडे आहे आणि कोणतं अंग, आणि ती यादी प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेसाठी वेगळी करावी लागेल.